लाल डाळीचा भाव



आजचा शास्त्रभाग आहे उत्पत्ती २५:२९-३४. शक्य असेल तर इब्री ११:२४-२६ वर पण एक बोट ठेवून बसा, नंतर तिकडे जायचं आहे.

एसाव आणि याकोबाची ही गोष्ट आपण संडे स्कूलपासून ऐकत आलोय. एसाव रानातून दमून येतो, याकोब डाळ शिजवत असतो, आणि एसाव वाटीभर डाळीसाठी ज्येष्ठत्वाचा हक्क विकून मोकळा होतो. आमच्या संडे स्कूलच्या टीचरनी विचारलं होतं, "मग एसाव कसा होता?" आणि आम्ही सगळे एका सुरात ओरडलो होतो, "मूर्ख!" मला सगळ्यात मोठ्यानं ओरडल्याबद्दल गोळीही मिळाली होती. पंचवीसेक वर्षं मी त्याच उत्तरावर खूश होतो.

गेल्या मंगळवारी रात्री हीच गोष्ट मी माझ्या लेकीला वाचून दाखवत होतो. ती सहा वर्षांची आहे. मुलांच्या बायबलमध्ये चित्र होतं, मोठं भांडं, वाफ, आणि समोर हात पसरून बसलेला केसाळ एसाव. ती बराच वेळ चित्राकडे बघत राहिली आणि म्हणाली, "पण पप्पा, त्याच्या घरी जेवण नव्हतं का?"

मी थांबलोच. कारण होतं की! याच अध्यायात थोडं वर, पाचव्या वचनात, लिहिलं आहे की अब्राहामानं आपलं सर्वस्व इसहाकाला दिलं. म्हणजे मेंढरं, गुरं, दासदासी, सोनं-चांदी असलेलं घर. एसाव त्या घरातला थोरला मुलगा, आणि बापाचा लाडका. आईच्या तंबूपर्यंत चालत जायला त्याला असा किती वेळ लागला असता? त्याला पर्याय नव्हता असं नाही. फक्त समोरचं भांडं जवळ होतं आणि तयार होतं.

आता बत्तिसावं वचन पुन्हा वाचा. तो म्हणतो, मी तर मरायला टेकलोय, हक्काचं काय करू? शिकारीहून आलेला धडधाकट माणूस एका संध्याकाळच्या भुकेनं मरत नसतो. त्याला भूक लागली होती हे शंभर टक्के खरं. "आत्ताच्या आत्ता नाही मिळालं तर मी संपलो" हे मात्र खरं नव्हतं. मला वाटतं मोह आपल्याशी बहुतेक वेळा असंच बोलतो. तो सरळ खोटं बोलत नाही. खरी भूक घेतो आणि तिला दहानं गुणतो.

मूळ हिब्रूमध्ये आणखी एक गंमत आहे. एसाव त्या पदार्थाचं नावही घेत नाही. तो "लाल" हाच शब्द लागोपाठ दोनदा म्हणतो, ते लाल, हे लाल. काय शिजलंय हे त्याला माहीत नाही आणि विचारायला सवडही नाही. आणि त्या लालवरूनच त्याला अदोम हे नाव पडलं. एका संध्याकाळी घाईघाईत जे गिळलं, त्याचंच नाव पुढं त्याच्या सगळ्या वंशाला लागलं.

आता माझं सांगतो, नाहीतर हे सगळं एसावावर ढकलून मोकळा होईन.

आमच्या घरी रात्री नऊची वेळ गोष्टीची आणि प्रार्थनेची आहे. "आहे" म्हणतोय, पण मध्ये सहा-सात महिने ती नव्हती. मी ऑफिसमधून येतो, डोकं भणभणत असतं, ऑन-कॉलचा आठवडा असेल तर विचारूच नका. जेवण झालं की सोफ्यावर बसून फोन हातात. लेक पुस्तक घेऊन यायची. मी म्हणायचो, "दोन मिनिटं, बाळा." मला खरंच दोन मिनिटंच हवी असायची. पण एक रील संपली की दुसरी सुरूच झालेली असते, आपण सुरू करावी लागत नाही. (अशा गोष्टी कशा बांधल्या जातात हे माझ्या धंद्यातला माणूस म्हणून मला चांगलं ठाऊक आहे. तरी उपयोग शून्य.) सुरुवातीला ती माझ्या शेजारी बसून वाट बघायची. मग आईकडे जायला लागली. मग एक दिवस ती आलीच नाही, आणि ती आली नाही हे मला तीन आठवड्यांनी कळलं.

हे मी सहज लिहून टाकलं, पण लिहिताना हात अडखळला. पुस्तक घेऊन येणं बंद केल्यावर ती रडली नाही, भांडली नाही, रुसली नाही. तिनं फक्त विचारणं सोडून दिलं. बायकोनं मला एकदाच सांगितलं, तेही भांडी लावता लावता, "ती आता आजीबरोबर व्हिडिओ कॉलवर प्रार्थना करते. तुला माहितीये ना?" मला माहीत नव्हतं.

त्या रात्री फोनमध्येच स्क्रीन टाइम काढून बघितला. रोजचे सरासरी ३ तास ४० मिनिटं. इंजिनिअर माणूस, गुणाकार केल्याशिवाय राहवत नाही. वर्षाला १३३८ तास, म्हणजे पूर्ण चोवीस तासांचे जवळजवळ ५६ दिवस. मग मी स्वतःलाच एक प्रश्न विचारला, काल रात्री पाहिलेल्यांपैकी एक तरी गोष्ट सांग. एकही आठवेना. कोणीतरी नाचत होतं, कोणीतरी पनीरचं काहीतरी करत होतं. हे लाल, ते लाल.

आता इथं मला थोडं थांबायचं आहे, कारण अशा विषयावर आपल्याकडे एक ठरलेला संदेश असतो. जगाची सुखं वाईट, सिनेमा वाईट, मोबाईल वाईट, सगळं सोडा. माझ्या लहानपणी अशा सभा झाल्या की आम्ही मुलं दोन दिवस घाबरून असायचो आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा टीव्हीपुढे. मला वाटतं शास्त्र यापेक्षा प्रामाणिक आहे. इब्री ११:२५ बघा, तिथं पापातही सुख असतं हे पवित्र शास्त्र मान्य करतं. ते टिकत नाही एवढंच सांगतं. आणि हे तर पापाबद्दल. साध्या, निर्दोष सुखांबद्दल उपदेशक काय म्हणतो? खाणंपिणं आणि आपल्या कष्टांत आनंद मानणं हेसुद्धा देवाच्या हातून येतं (उपदेशक २:२४). प्रभू येशूनं पहिलं चिन्ह केलं तेच लग्नाच्या घरी, काना गावात, द्राक्षारस संपला म्हणून.

मसुरीची डाळ हे काही पाप नव्हे. थकलेल्या माणसानं गरम डाळ खावी, वर भाकरी खावी, याकोबानं दिलीही. एसावाची चूक ताटात नव्हती, भावात होती. रविवारी दुपारी मंडळीतून आल्यावर क्रिकेटची मॅच बघायला मला काहीच अडचण वाटत नाही. त्याच मॅचसाठी मी काय देऊन टाकतोय, हा प्रश्न दर वेळी नव्यानं विचारावा लागतो. आणि त्याचं उत्तर तुम्ही माझ्यासाठी देऊ शकत नाही, मी तुमच्यासाठी नाही.

(जाता जाता, याकोबालाही फार डोक्यावर घेऊ नका. सख्खा भाऊ भुकेला दारात उभा आणि हा सौदा करतोय, वर शपथही घ्यायला लावतोय. पुढे त्याला त्याचे हिशेब चुकते करावे लागलेच.)

मग एसावानं नक्की काय गमावलं? थोरल्याला वारशात दुप्पट वाटा मिळे, हे अनुवाद २१:१७ वरून दिसतं. पण या घरात त्याहून मोठी गोष्ट होती, अब्राहामाला दिलेलं वचन. तुझ्याद्वारे पृथ्वीवरची सगळी कुळं आशीर्वादित होतील, असं ते वचन. ते डोळ्यांना दिसत नव्हतं, त्याला वास नव्हता, वाफ नव्हती. कधी पूर्ण होईल तेही माहीत नव्हतं. अशी गोष्ट एका बाजूला आणि वाफाळतं भांडं दुसऱ्या बाजूला. खरं सांगा, तराजू कुठं झुकेल?

आणि माझ्या मनाला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट पुढं आहे, उत्पत्ती ३३ मध्ये. वीसेक वर्षांनी दोघे भाऊ भेटतात. याकोब घाबरलेला, भेटी पुढं पाठवतोय. एसाव चारशे माणसं घेऊन येतो, धावत जाऊन भावाला मिठी मारतो, आणि भेटी नाकारताना सांगतो की माझ्याजवळ पुष्कळ आहे. छत्तिसाव्या अध्यायात त्याच्या वंशातल्या राजांची भली मोठी यादीच आहे. म्हणजे हक्क विकून एसाव भिकारी झाला नाही! त्याचं उत्तम चाललं. माणसं होती, गुरं होती, नाव होतं. आजच्या भाषेत त्याचं पॅकेज चांगलं होतं, फ्लॅट झाला होता, गाडी होती.

मला आधी वाटायचं की चुकीची निवड केली तर देव काहीतरी झटका देईल आणि मग कळेल. पण एसावाच्या बँक खात्यात काहीही बिघडलेलं दिसत नाही. जे गेलं ते खात्यात कधी नव्हतंच. माझ्याही बाबतीत तेच. त्या सहा-सात महिन्यांत माझं अप्रेझल मस्त झालं. सगळे "छान चाललंय तुझं" म्हणत होते. घरात नऊ वाजता कोणीतरी पुस्तक घेऊन येणं बंद झालंय, हे कुठल्याच डॅशबोर्डवर लाल रंगात दिसत नव्हतं.

गेल्या रविवारी उपासनेनंतर आमच्या तरुण संघात मी हे थोडक्यात मांडलं. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलानं फार नेमका प्रश्न विचारला. "दादा, पण मग हे एसआयपीसारखंच झालं ना? आज थोडं सोडा, नंतर जास्त मिळेल. यात अध्यात्म कुठाय? हा तर हुशार लोभ झाला."

सगळे हसले. मला तिथं नीट उत्तर देता आलं नाही. काहीतरी बोलून वेळ मारून नेली. आठवडाभर तो प्रश्न डोक्यात आहे.

कारण वरवर बघता त्याचं म्हणणं बरोबर आहे. इब्री ११:२६ मध्ये मोशेबद्दल तेच दिसतं. फारोच्या मुलीचा मुलगा म्हणवून घ्यायचं त्यानं नाकारलं, मिसरातल्या खजिन्यापेक्षा ख्रिस्तासाठी होणारी निंदा अधिक मोलाची मानली, आणि का? तर त्याची नजर प्रतिफळावर होती. पवित्र शास्त्र इथं लाजत नाही. मोशेनं हिशेब केला, आणि तो हिशेब विश्वासानं केला म्हणून त्याचं कौतुकही होतं. आपल्याला वाटतं तसं, काहीच नको म्हणणारा माणूस म्हणजे संत, असं ख्रिस्ती शिकवणीत नाही. इच्छा मारून टाका असं प्रभू सांगत नाही. पण मग त्या मुलाच्या "हुशार लोभाचं" काय?

मला जे उत्तर सापडलं ते लेकीमुळे. मी पुन्हा नऊला तिच्याजवळ बसायला लागलो तेव्हा पहिले काही दिवस मनात एक हिशेब होताच. आत्ता वेळ दिला तर मोठी झाल्यावर ती आपल्याशी बोलेल, विश्वासात टिकेल, वगैरे. म्हणजे एसआयपीच. पण मंगळवारी तिनं तो जेवणाचा प्रश्न विचारला आणि मी तिच्याबरोबर पाचवं वचन शोधत बसलो, तेव्हा मला कुठलाही परतावा आठवला नाही. मी तिथं होतो, ती होती, आणि आमच्यामध्ये उघडं बायबल होतं. यापुढं आणखी काही मिळायचं बाकी आहे असं वाटलंच नाही. एसआयपीत आपण हप्ता भरतो तो दुसऱ्याच कशासाठी तरी, हप्ता भरण्यात कोणाला मजा येत नाही. इथं हप्ता आणि परतावा एकच होते.

देवाच्या बाबतीत हेच आहे असं मला वाटतं. स्तोत्र ७३ मध्ये आसाफ आधी दुष्टांची भरभराट बघून जळतो. अगदी आपल्यासारखा, दुसऱ्याच्या फॉरेनच्या फोटोंवर जळणारा. मग तो देवाच्या पवित्रस्थानात जातो. आणि शेवटी त्याच्या हातात काय येतं? त्यांच्याइतकी संपत्ती नाही. देवाजवळ असणं हेच त्याला भलं वाटायला लागतं. योहान १७:३ मध्ये प्रभू सार्वकालिक जीवनाची व्याख्या करतो ती अशीच आहे, देवाला आणि त्यानं पाठवलेल्या येशू ख्रिस्ताला ओळखणं. त्यात "मेल्यानंतर" हा शब्द नाही. ओळखणं तर आजपासून सुरू होतं. आपण "टिकणारं" म्हटलं की लगेच "नंतर मिळणारं" असं ऐकतो, तिथंच गल्लत होते. एसावाचा हक्कसुद्धा विकण्याच्या क्षणी त्याचाच होता, त्या घरात राहणं त्याचं रोज चालूच होतं.

त्या भावाला या रविवारी हे सांगणार आहे. पटेल की नाही माहीत नाही. तो अजून प्रश्न विचारेल अशीच शक्यता जास्त.

आता, "मग नोकरी सोडायची का?" असा मेसेज येण्याआधीच सांगतो. रेव्ह. नारायण वामन टिळकांनी १९१७ साली मिशनची पगाराची नोकरी सोडली आणि "देवाचा दरबार" सुरू केला. देव काहींना असं बोलावतो. आणि अशा बोलावण्याची किंमत घरातली माणसंही मोजतात, हे लक्ष्मीबाईंचं "स्मृतिचित्रे" वाचलं की कळतं, पैसा टिळकांच्या हातात ठरतच नसे. मला अजून तसं बोलावणं नाही. ईएमआय आहे, आईची औषधं आहेत, आणि मला माझं काम आवडतंही. माझी परीक्षा हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये आणि रात्री नऊला सोफ्यावर होते. ती छोटी आहे म्हणून सोपी आहे असं मात्र नाही.

कारण मी एकदा आपटलोय. या वर्षीच्या लेंटमध्ये, राखेच्या बुधवारी, मोठ्या आवेशानं रील्सचं ॲप डिलीट केलं. बायकोला दाखवलं, स्वतःवर खूश झालो. आठवड्याभरात मी तेवढाच वेळ शेअरचे भाव आणि बातम्या बघत होतो. बातम्या म्हणजे काही पाप नाही ना! पुनरुत्थानाच्या रविवारी ॲप परत टाकलं तेव्हा तर उपवास पूर्ण केल्याचं समाधानही होतं. लूक ११ मध्ये प्रभूनं सांगितलेलं ते झाडून-पुसून ठेवलेलं घर मला तेव्हा समजलं. अशुद्ध आत्मा परत येतो, घर स्वच्छ आहे पण कोणीच राहत नाही, मग तो आणखी सात जण घेऊन येतो. मी घर रिकामं केलं होतं. कोणाला राहायला बोलावलं नव्हतं.

म्हणून या वेळी काहीच डिलीट केलं नाही. नऊ वाजता फोन स्वयंपाकघरात मिक्सरशेजारी चार्जिंगला लागतो, एवढंच. पहिल्या दिवशी मी पुस्तक घेऊन तिच्या खोलीत गेलो तर ती आजीशी बोलत होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "दोन मिनिटं, पप्पा."

मी दाराशी उभा राहिलो. खरं तर ती दहा मिनिटं होती.

योहान ४ मधली शोमरोनी स्त्री आठवते. भर दुपारी ती पाणी भरायला आलेली, रोजचीच तहान, रोजचीच खेप. प्रभू तिच्याशी बोलला, आणि अठ्ठाविसाव्या वचनात योहान एक बारीक गोष्ट टिपतो, ती आपली घागर तिथंच टाकून गावात गेली. घागर टाक असं तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिनं शपथ घेतली नव्हती, चाळीस दिवसांचा संकल्प केला नव्हता. मला वाटतं तिच्या लक्षातच राहिलं नाही. नंतर ती घागर घ्यायला आली असेलच, घरी पाणी लागतंच. पण त्या दुपारी तिच्या हातात दुसरं काहीतरी होतं.

गेल्या काही दिवसांत असं एकदाच झालं की मिक्सरशेजारचा फोन मला सकाळपर्यंत आठवला नाही. तो मंगळवार होता. बाकीच्या रात्री आठवतोच, खरं सांगतो. साडेनऊला पाय आपोआप स्वयंपाकघराकडे वळतात.

आज गोष्ट पुढची आहे, याकोब आणि ती शिडी. लेकीनं आधीच बजावून ठेवलंय की चित्र ती उलगडणार.

प्रभू येशू, आज रात्री नऊ वाजता मला घरात असू दे. माझ्या भुका तुला माहीत आहेत, त्यांना दहानं गुणण्याची माझी सवयही माहीत आहे. तू जवळ ये, आणि मला ते कळू दे. आमेन.